सात गोष्टी आणि सातबारा

पदवीनंतर पुण्याच्या विद्यापीठात 'संरक्षण व सामरिकशास्त्र' घ्यायचे, असे मी घरी सांगितले तेव्हा काकू म्हणाली, "म्हणजे पोरीला फौजेत धाडायचं का?" अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे म्हणजे नकार, हे आमच्या घरात लहान मुलालाही कळते.

काकूला तरी काय दोष द्यावा? राज्यशास्त्राच्या तासाला बसण्यापूर्वी माझीही समजूत तीच होती. सुरक्षा म्हणजे सरहद्द, रणगाडे, फार तर देवळालीच्या तोफा! परंतु १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालाने त्या शब्दाचा अर्थच रुंद केला. देश सुरक्षित असून त्यातला माणूस असुरक्षित असू शकतो, हे त्याचे सांगणे. महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थतज्ज्ञाचा त्यामागे मोठा हात होता.

अण्णांना अहवाल सांगून उपयोग नव्हता. मी द्राक्षांची आठवण दिली. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हुथी बंडखोर जहाजांवर हल्ले करू लागले. सुएझचा जवळचा रस्ता सोडून जहाजे सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागली. दहा-पंधरा दिवस जास्त, भाडे वाढलेले. त्या हंगामात व्यापाऱ्याने हेच कारण सांगून आमच्या बागेचा ठरलेला भाव उतरवला होता. "असले धोके आधी ओळखायचे, भांडणाऱ्यांना बोलायला बसवायचे, हेही शिकावं लागतं, अण्णा." अण्णांनी नुसते "हूं" केले.

आजी मात्र सरसावून बसली. "काय शिकवता गं ते लोक?"

मी अहवालातल्या सात गोष्टी बोटांवर मोजल्या : पैसा, अन्न, आरोग्य, पर्यावरण, जिवाची सुरक्षा, समाजाची, राजकीय हक्कांची. आजी हसली. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन आपल्या चांदवडला भरले, तेव्हा ती तिशीत होती. भाकरी बांधून चालत गेली होती. बायका लाखांनी लोटल्या होत्या. शरद जोशींचे भाषण तिला फारसे आठवत नाही. आठवते ते एवढेच, की उघड्या रानात परक्या बायकांशेजारी ती रात्रभर निर्धास्त झोपली. "घरात अशी झोप कधी लागली नव्हती," ती म्हणाली. आजोबांच्या पिण्याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही. त्या रात्रीही कुणी बोलले नाही.

पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून द्यायची. पुष्कळांनी दिली, आमच्याकडे दिली नाही.

"तुझ्या त्या सात गोष्टींत सातबारा येतो का?" आजीने विचारले. विचारले मला, पण पाहत होती अण्णांकडे.

अण्णा उठून अंगणात गेले. अर्जाची मुदत संपायला अजून बारा दिवस आहेत.

(तृतीय वर्ष, कला)