टाकाऊ वस्तूंचे गाव : चंदीगडची रॉक गार्डन

चंदीगड म्हटले की शाळेच्या भूगोलातले एक वाक्य आठवते. पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी! ल कार्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पकाराने आखलेले हे शहर पाहावे, म्हणून २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत एलटीसी घेऊन मी, पत्नी आणि मुलगी असे तिघे तिकडे गेलो. रस्ते सरळ, चौक सारखे, वस्त्यांना नावाऐवजी नंबर. मुलगी म्हणाली, "पप्पा, इथे हरवायलासुद्धा जागा नाही!"

ती जागा सेक्टर एकमध्ये मिळाली. सुखना तलावाजवळची रॉक गार्डन. आत शिरताच सरळ रस्ता संपतो. अरुंद वाटा वळत वळत जातात. दरवाजे इतके बुटके, की मोठ्या साहेबालाही वाकूनच आत जावे लागते. एका वळणावर धबधबा, दुसऱ्या वळणावर झाडांच्या सावलीत उभी असलेली शेकडो माणसे, माकडे, पक्षी. सगळे फुटक्या कपबशांचे, बांगड्यांच्या तुकड्यांचे, सायकलच्या मोडक्या भागांचे! विजेच्या जुन्या फिटिंगची तर अख्खी भिंत आहे.

हे सारे कोणी केले? कोण्या नावाजलेल्या कलावंताने नव्हे. नेकचंद हे बांधकाम खात्यातले साधे रोड इन्स्पेक्टर. जन्म १९२४चा, आज पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यातला. फाळणीत घरदार सुटले आणि पुढे ते चंदीगडला नोकरीला लागले. नवे शहर उभे करण्यासाठी जुनी गावे पाडली जात होती. त्या घरांचा मलबा, फुटकी भांडी ते सायकलवरून आणू लागले. नदीनाल्यांच्या पात्रातून दगडही वेचून आणत. पाण्याने वर्षानुवर्षे घासून घडवलेल्या त्या दगडांत त्यांना कुठे पक्षी दिसे, कुठे माणूस.

सामान ठेवायला त्यांनी निवडली ती राखीव जंगलातली घळ. तिथे बांधकामाला सक्त मनाई होती. म्हणजे कायद्याने पाहिले तर हा गुन्हाच! नोकरी सांभाळून, सुट्टीत आणि रात्री त्यांनी जवळजवळ अठरा वर्षे हे काम लपून केले. जंगलाने त्यांना लपवले. त्यांनीही जमीन सपाट केली नाही. चढ होता तिथे पायऱ्या केल्या, खोलगट होते तिथे अंगण केले. आजही तिथे झाडाची मुळे खरी कुठली आणि सिमेंटची कुठली, हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

सत्तरच्या दशकात सरकारला पत्ता लागला, तेव्हा हे सगळे पाडण्याची भाषा झाली. पण लोक नेकचंदांच्या बाजूने उभे राहिले. १९७६ साली बाग सर्वांसाठी खुली झाली. सरकारने त्यांना पगार दिला, हाताखाली पन्नास मजूर दिले. १९८४ साली पद्मश्री मिळाली. बाग वाढत वाढत सुमारे ४० एकरांची झाली. २०१५ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी नेकचंद गेले.

बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बायकांच्या रांगेपुढे पत्नी थांबली आणि म्हणाली, "आत्याबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, फुटका कप भंगारवालासुद्धा घेत नाही, आणि ह्यानं बघा काय केलं!"

"आजीला भंगारातलं काय माहीत?" मुलीने विचारले.

वाचकहो, मी गप्प झालो. माझी आई भंगार वेचायची. त्या पैशांवर माझी फी भरली, मी बी.कॉम. झालो, कचेरीत लागलो. सभांमधून श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी अनेकदा बोललो आहे. पण ही गोष्ट ना कचेरीत सांगितली, ना घरात मुलीला. तिथेच एका कट्ट्यावर बसून तिला सगळे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "पोतं केवढं असायचं, पप्पा?" मी हाताने दाखवले. तेवढ्याच उंचीच्या मूर्तीशेजारी जाऊन ती उभी राहिली.

घरी परतल्यावर काही महिन्यांनी, मार्च २०२५मध्ये बातमी वाचली. शेजारच्या हायकोर्टाकडे जाणारा रस्ता आणि पार्किंग यांसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. झाडांवरही कुऱ्हाड आली. नागरिकांनी निषेध केला. १९९०च्या सुमारासही बागेतून रस्ता काढायचे घाटत होते. तेव्हा लोकांनी मानवी साखळी करून तो अडवला होता. या वेळी भिंत वाचली नाही. पाडलेल्या घरांच्या मलब्यातून उभी राहिलेली ही बाग. तिच्या भिंतीचाच पुन्हा मलबा झाला! गाड्या ठेवायला जागा हवी, हे खरे. पण प्रत्येक वेळी ती झाडांकडून आणि लोकांच्या बागेकडूनच का मागितली जाते?

बाकीची बाग शाबूत आहे. उत्तरेकडे जाणे झाले तर मुलाबाळांना घेऊन जरूर जा. आत कमानींखाली मोठे झोपाळे आहेत, त्यावर मोठी माणसेही बसतात. आणि तुमच्या घरात कोणी वेचणारे, झाडणारे, उचलणारे होऊन गेले असेल, तर त्यांची गोष्ट मुलांना सांगा. त्यासाठी चंदीगडला जाण्याची वाट पाहू नका. मी फार उशीर केला.