डागडुजीचा रविवार

घराच्या देखभालीसाठी मराठीत एखाददुसरा शब्द नाही, तर शब्दांचे गोतच आहे. छप्पर शाकारले जाते, जमीन सारवली जाते, कुडाची भिंत लिंपली जाते, चुलीवर पोतेरे फिरते, भिंतीला चुना दिला जातो आणि गळक्या भांड्याला डाग दिला जातो. ही सारी कामे ज्या एका शब्दाच्या पदराखाली येतात, तो शब्द म्हणजे डागडुजी. या क्रियापदांत एक समान धागा असा, की त्यांतील एकही क्रिया कायमची पूर्ण होत नाही. सारवलेली जमीन काही दिवसांत पुन्हा शेणाची वाट पाहू लागते, शाकारलेले छप्पर पुढच्या ज्येष्ठाची वाट पाहते आणि सफेदी दरसाल दिवाळीच्या तोंडावर नव्याने होते. बांधणे एकदाच घडते. राखणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि घर नावाची वस्तू या राखण्यातूनच हळूहळू घडत जाते, ही समजूत भाषेने आपल्या क्रियापदांतच जपून ठेवली आहे.

या कामांना पूर्वी स्वतःचे पंचांग होते. कोकणात पावसाळा लागण्याच्या सुमारास जो काळ येतो त्याला आगोट म्हणतात, आणि 7 किंवा 8 जूनला मृग नक्षत्र लागण्याआधी आगोटीची कामे उरकण्याची लगबग घरोघर असते. शाकारणी म्हणजे छपरावरची कौले उतरवून, त्यांच्यात अडकलेला पालापाचोळा आणि शेवाळ काढून, कुजलेल्या रिपा म्हणजे कौलांना आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या बदलून, फुटक्या कौलांच्या जागी धड कौले बसवत छप्पर पुन्हा लावणे. कुंभाराने घडवलेली अर्धगोल नळ्यांची कौले वाऱ्याने किंवा मांजराच्या पावलांनीही जागची हलत, म्हणून हे काम दरवर्षी करावे लागे. एकोणिसाव्या शतकात बासेल मिशनच्या कारखान्यांतून निघालेली आणि एकमेकांत खाचेने अडकणारी मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली, तेव्हा ही दगदग कमी झाली, पण संपली नाही. मराठवाड्यात माळवद म्हणजे लाकडी तुळ्यांवर माती दाबून केलेले सपाट छप्पर, आणि त्यावर पावसाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागतो. गावाची वस्ती ज्या जागी असते तिला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणण्याची महाराष्ट्राची जुनी रीत पाहिली, तर माळवदावर पडणारी ही माती म्हणजे वस्तीनेच वस्तीच्या डोक्यावर धरलेले छत्र वाटू लागते.

या पंचांगाला आणखी एका गोष्टीचा आधार होता, तो सावडीचा. सावड म्हणजे श्रमांची परतफेड: आज एकाच्या घरी चार शेजारी राबतात, उद्या तो त्या चौघांच्या घरी राबतो, आणि पैशाचा व्यवहार मध्ये येत नाही. शेतीत रुजलेली ही पद्धत घराच्या छपरापर्यंतही पोचत असे. ऋतू कामाची वेळ ठरवी आणि शेजार कामाला हात पुरवी. घरातल्या माणसांना वेळ आणि मनुष्यबळ या दोन्हींसाठी एकट्याने झगडावे लागत नसे.

ठाणे-डोंबिवलीपासून पुण्याच्या उपनगरांपर्यंत पसरलेल्या सदनिकांत राहणाऱ्या आजच्या कुटुंबाजवळ आगोट उरली नाही आणि सावडही उरली नाही. उरला आहे तो रविवार. हा रविवारही आयता मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती, तेव्हा महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून तिची मागणी संघटितपणे मांडली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगाराला कुळाचार पाळण्यास तो मोकळा हवा, हेही या मागणीमागचे एक कारण सांगितले जाते. आरामासाठी, देवासाठी आणि घरासाठी मिळवलेला हा दिवस शंभराहून अधिक वर्षांनंतर भाजी निवडणे, इस्त्री, मुलांचे शिकवणीवर्ग, आजारी नातेवाइकाची भेट आणि येत्या आठवड्याच्या डब्यांची तयारी यांनी भरून गेला आहे, आणि त्याच दिवसाच्या एका कोपऱ्यात गळका नळ, कुरकुरणारी बिजागरी आणि ओल धरलेली भिंत आपापल्या पाळीची वाट पाहत उभी असते.

हा रविवार घरातील सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही, ही गोष्ट डागडुजीचा विचार करताना बाजूला ठेवता येत नाही. 2019 मध्ये केलेल्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार भारतात घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांवर दिवसाला सरासरी 299 मिनिटे, तर अशी कामे करणारे पुरुष 97 मिनिटे खर्च करत होते. सारवण, लिंपण आणि पोतेरे ही घर राखण्याची रोजची कामे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्याच हातून झाली. त्यांची गणना दुरुस्तीत कधी झाली नाही, कारण ती दिसण्याआधीच पूर्ण झालेली असत. म्हणून रविवारी भिंतीला हात लावणाऱ्या कुटुंबात भिंतीसोबत श्रमांची वाटणीही दुरुस्त होत असेल, तरच त्या कामाला घराचे काम म्हणता येईल. एकाने भोके पाडायची आणि दुसरीने तासभर धूळ झाडत बसायचे, तर घराचा एक कोपरा नीट होताना दुसरा खचत जातो.

रविवारच्या तुटक वेळात डागडुजी कशी चालते, हे समजण्यासाठी भिंतीवरील ओलीचे उदाहरण मोठे बोलके आहे. पावसाळा सरता सरता बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर रंग फुगतो, त्याचे पोपडे सुटतात आणि खाली पांढरी, मिठासारखी भुकटी दिसते; तिला लोणा म्हणतात. विटेच्या आणि गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याची वात तेल ओढून घेते त्याच रीतीने, सरकत जाते आणि आपल्यासोबत विरघळलेले क्षार आणते. पाणी हवेत उडून जाते, क्षार मात्र पृष्ठभागापाशी स्फटिक होऊन साठतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. अशा भिंतीवर घाईने नवा रंग चढवणे म्हणजे जखमेवर स्वच्छ कापड टाकून ती दिसेनाशी करणे होय. पाणी कोठून येते ते आधी शोधावे लागते, आणि हा शोध एका दुपारी लागत नाही: वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचा वापर झाल्यावर ओल वाढते का, पाऊस थांबल्यावर ती हटते का, खिडकीच्या कोपऱ्यातील चिरेशी तिचा काही संबंध आहे का, हे आठवडाभर येता-जाता पाहावे लागते. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहिली, तर पुढच्या रविवारी भिंत स्वतःच उत्तर देते.

मग छिन्नी-हातोडीने फुगलेला गिलावा निघतो, आतील पृष्ठभाग खरवडून धुतला जातो आणि एक भाग सिमेंट व चार भाग चाळलेली वाळू असा माल घमेल्यात कालवला जातो. हा माल किती कालवायचा, याचे उत्तर घरच्या वर्दळीशी थेट जोडलेले आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. त्याचे कण पाण्याशी संयोग पावतात, त्यातून बारीक स्फटिकांची गुंफण तयार होते आणि ती वाळूचे कण धरून ठेवते. भारतीय मानकांनुसार साध्या सिमेंटचे घट्ट होणे पाणी मिसळल्यापासून 30 मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये आणि 600 मिनिटांत ते पूर्ण व्हायला हवे. म्हणजे घरच्या कारागिराने अर्ध्या तासात थापून होईल एवढाच माल कालवावा, कारण तेवढ्यात दूध उतू जाते, दारावरची घंटा वाजते किंवा धाकट्याचे गणित अडते, आणि वाट पाहणारा माल पुन्हा पाणी घालून सैल केला तर त्यातील बळ जाते. थापीने माल मारला जातो, गुरमाळ्याने तो सपाट होतो, आणि रविवारी संध्याकाळी भिंतीवर एक काळसर ओला तुकडा उरतो, जो पाहताना काम अपुरे राहिल्याची रुखरुख कोणालाही लागावी.

वास्तविक त्या क्षणी काम भिंतीच्या हाती गेलेले असते. पाण्याशी होणारा तो संयोग कित्येक दिवस चालू राहतो, म्हणून गवंडी ज्याला पाणी मारणे म्हणतात ते किमान आठवडाभर, दिवसातून दोन-तीनदा करावे लागते. सिमेंटच्या बळाची परीक्षा तर 28 दिवसांनी घेण्याची पद्धत आहे. पाणी न मिळालेला गिलावा कोरडा दिसतो आणि लवकर पूर्ण झाल्यासारखा वाटतो, पण तो आत भुसभुशीत राहतो आणि त्याला केसासारख्या भेगा जातात. ज्याला दोन मोकळे दिवस सलग मिळाले त्याचेही हे काम त्या दोन दिवसांत होणार नाही, आणि ज्या कुटुंबाला रविवारचे फक्त तीन तास मिळतात ते कुटुंबही या बाबतीत मागे राहत नाही. धकाधकीच्या संसारात वेळेचे तुकडे पडतात याचे दुःख सर्वांना असते. भिंतीला मात्र वेळ तुकड्यांतच हवा असतो, थोडे काम आणि मग पुष्कळ वाट पाहणे, पुन्हा थोडे काम आणि पुन्हा वाट पाहणे, या लयीतच ती बरी होते.

चुन्याची कथा याहून जुनी आणि अधिक सुंदर आहे. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सियसपर्यंत भाजला की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडताच तो उकळू लागतो, फुटतो आणि विरतो. घरात ही कळी विरवताना मुलांना दूर ठेवावे लागते आणि डोळे जपावे लागतात, कारण उष्णता आणि दाहकता दोन्ही तीव्र असतात. विरलेला चुना रात्रभर मुरवून, वस्त्रगाळ करून, त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घालून भिंतीवर दिला जातो, तेव्हा तो जवळजवळ पारदर्शक, फिका दिसतो आणि आपण काहीच लावले नाही असे लावणाऱ्याला वाटते. मग तो वाळत जातो तसा पांढरा उजेड भिंतीतून वर येऊ लागतो. पुढचे कित्येक दिवस हा थर हवेतील कार्बन डायऑक्साइड परत घेत राहतो आणि रसायनदृष्ट्या पुन्हा चुनखडीच होतो. भट्टीत गमावलेला श्वास त्याला घराच्या हवेतून परत मिळतो, आणि त्या हवेत घरातील माणसांचे श्वासही मिसळलेले असतात. दिवाळीआधी सफेदी दिलेल्या घरात फराळाच्या तळणाचा वास दरवळत असताना भिंती पुन्हा दगड होत जातात.

घरच्या हातांना मर्यादा आहेत, आणि त्या ओळखणे हाही या कौशल्याचाच भाग होय. विजेच्या जोडणीचे काम वायरमनचे असते. खांब किंवा तुळई यांना भेग दिसली, गंजलेली सळई उघडी पडली, तर तेथे लांबीचा लेप न देता इमारतीच्या अभियंत्याला दाखवावे लागते. उलट गळक्या नळाचे काम दहा वर्षांच्या मुलीलाही शिकवता येते: मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे, नळाचे डोके पान्याने उघडणे, झिजलेला रबरी वॉशर काढून नवा बसवणे. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला 86,400 थेंब होतात, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरहून अधिक पाणी जाते, हा हिशेब तिने स्वतः मांडला की शाळेतील गुणाकाराला घराचा पत्ता मिळतो. फळी लावताना पाणसळ, म्हणजे काचेच्या नळीतील बुडबुड्यावरून समपातळी दाखवणारे साधन, आजोबांनी धरायचे आणि बुडबुडा मध्यावर आला की नातवाने सांगायचे. कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि पावसात दार अडते, हे आजीने जन्मभर पाहिलेले असते, आणि दाराची कड पावसाळ्यात घाईने तासू नये, हा तिचा सल्ला सुताराच्या रंध्याइतकाच मोलाचा ठरतो. शेजारच्या घरातून भोक पाडण्याचे यंत्र मागून आणले जाते आणि परत करताना त्यासोबत एखादी वाटी जाते. सावडीचे नाव विसरले गेले असले तरी तिची रीत जिन्यावरून अजून ये-जा करत असते.

ओल पुरती निघून गेल्यावर, पुष्कळ दिवसांनी, भिंतीचा तो तुकडा रंगवला जातो. जुन्या रंगाशी नवा रंग तंतोतंत जुळत नाही, आणि कडेला उजेड पडला की एक अस्पष्ट सीमारेषा दिसते. पाहुण्यांना ती दिसत नाही; घरातल्यांना ती ठाऊक असते, कारण त्या जागेशी त्यांची एका आठवड्याची दिनचर्या बांधली गेलेली असते. त्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी डबे भरले जात असतात, शाळेची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबलेली असते, कोणाची लोकल चुकण्याच्या बेतात असते, आणि निघता निघता कोणीतरी बादलीतला तांब्या उचलून ओल्या गिलाव्यावर पाणी मारते. पाणी भिंतीत जिरते, दार ओढले जाते, आणि रिकाम्या घरात ती भिंत संध्याकाळपर्यंत आपले काम करत राहते.