सैनिकाचा कागद

मी भाषेचा शिक्षक, अर्थशास्त्रात कच्चा. पण ही गोष्ट डोक्यातून जात नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या अनेक सैनिकांना पगाराऐवजी सरकारी कर्जाचे कागद मिळाले. पोटासाठी त्यांनी ते सटोडियांना कवडीमोलाने विकले. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन यांचे म्हणणे होते, आज कागद ज्याच्या हाती, पैसे त्यालाच. नाहीतर सरकारची पत उरणार नाही. मॅडिसन यांनी मूळ सैनिकालाही वाटा मागितला. प्रतिनिधिगृहाने तो ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळला. पुढे मॅडिसन आणि जेफरसन शेतकऱ्यांचे कैवारी झाले. दोघांच्याही शेतात मात्र गुलाम राबत होते. हॅमिल्टनचा हिशेब मला पटतो, पण त्यात इन्साफ दिसत नाही. आणि त्या गुलामाकडे तर विकायला कागदही नव्हता.