प्रोफे पाहिजे!

न्यूयॉर्कच्या सेव्हन ट्रेनला तिथले लोक लाडाने 'इंटरनॅशनल एक्स्प्रेस' म्हणतात. मॅनहॅटनमध्ये ती शहाण्यासारखी जमिनीखालून धावते आणि क्वीन्समध्ये शिरली की वर येते, थेट रस्त्याच्या डोक्यावर. खाली रूजवेल्ट अॅव्हेन्यू, वर लोखंडी पूल आणि मध्ये तो खडखडाट! ट्रेन आली की फुटपाथवर गप्पा मारणारी माणसं वाक्याच्या मध्येच थांबतात, ट्रेन जाऊ देतात आणि राहिलेला शब्द उचलून पुढे बोलायला लागतात. कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

74व्या स्ट्रीटला उतरलात, की मुंबईहून गेलेल्या माणसाला दोन मिनिटं कळतच नाही आपण आहोत कुठे. साड्यांची दुकानं, सोन्याचे हार, पान, डोशाचा वास. पटेल ब्रदर्समध्ये कढीपत्त्यापासून पोह्यांपर्यंत सगळं हजर. हे जॅक्सन हाइट्स. इथवर आपले सगळेच जातात. पण तसंच रूजवेल्टच्या पुलाखालून पूर्वेकडे चालत राहा. 77, 78, 79... आणि 82वा स्ट्रीट येईपर्यंत पाट्याच बदलतात. पानाडेरिया म्हणजे बेकरी, पेलुकेरिया म्हणजे सलून, आबोगादो म्हणजे वकील. अंतर? फार तर दहा मिनिटं चालायचं.

माझी मावसबहीण जवळच रेगो पार्कला राहते, सबवेने चौथं स्टेशन. गेली चौदा वर्षं ती दर शनिवारी 74व्या स्ट्रीटला वाणसामान भरायला येते. 76च्या पुढे तिने एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं. "तिकडे आपलं काय काम?" हा तिचा सवाल. मार्च 2024 मध्ये काम निघालं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. कारण मी तिच्याकडे महिनाभर राहायला आलेली फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या भाषेत रिकामटेकडी!

काम असं, की भाचीला एपी स्पॅनिशसाठी ट्यूटर शोधायचा.

ज्यांना अमेरिकेत कुणी भाचरं नाहीत त्यांच्यासाठी थोडा फंडा क्लिअर करते. एपी म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेत असतानाच कॉलेजच्या लेव्हलचा विषय घ्यायचा आणि मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची. मार्क 1 ते 5. चार-पाच मिळाले तर बऱ्याच कॉलेजांत भाषेचं क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढे तेवढा विषय आणि तेवढी फी वाचते. त्यामुळे आयांना एपीचं जे टेन्शन असतं ते थेट आपल्या बारावीच्या जातकुळीचं.

त्या वर्षीचा पेपर साधारण तीन तासांचा होता. वाचून आणि ऐकून सोडवायचे 65 प्रश्न, एका ई-मेलला उत्तर, एक निबंध. इथपर्यंत भाचीचं काहीच अडत नव्हतं. शाळेत ए ग्रेड, क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ. गाडी अडायची ती शेवटी, माइकसमोर. रेकॉर्ड केलेला आवाज तुमच्याशी गप्पा मारतो आणि दर वेळी तुम्हाला उत्तराला मिळतात फक्त 20 सेकंद. असं पाच वेळा. मग चार मिनिटं तयारी करून दोन मिनिटं बोलायचं : स्पॅनिश बोलणाऱ्या एखाद्या समाजाची आणि तुमच्या समाजाची तुलना.

भाचीने घरी सराव म्हणून रेकॉर्डिंग केलं होतं. मी ते ऐकलं. पाचपैकी तीन उत्तरं म्हणजे नुसती शांतता. एकात तिने श्वास घेतल्याचा आवाज होता, तेवढाच.

"मला येतं गं मावशी," ती म्हणाली, "पण मी वाक्य तयार करेपर्यंत बीप होतो."

मग शोध सुरू झाला. एका मोठ्या ट्यूशन कंपनीने तासाला 95 डॉलर सांगितले. तेव्हाच्या भावाने जवळजवळ आठ हजार रुपये. तेही निदान 20 तासांचं पॅकेज घेतलं तर. डेमो क्लास फुकट होता. लॅपटॉपवर एक हसतमुख माणूस आला आणि साठातली पन्नास मिनिटं स्वतःच बोलला. 'स्ट्रॅटेजी'बद्दल. इंग्लिशमध्ये! ताई इम्प्रेस झाली, कारण त्याच्याकडे रंगीत स्लाइड्स होत्या. दुसरी एक कॉलेजची मुलगी मस्त होती, एक सेमिस्टर माद्रिदला राहून आलेली, पण तिच्या स्वतःच्याच परीक्षा मे महिन्यात.

तेव्हा मी भाचीला म्हटलं, चल, 82व्या स्ट्रीटला जाऊन येऊ. ज्या भाषेसाठी आपण आठ हजार मोजणार आहोत ती तिथे फुटपाथवर पडलीये.

ट्यूटर शोधायची जुनी पद्धत अजून जिवंत आहे, बरं का. लाँड्रोमॅटच्या भिंती, बेकऱ्यांच्या काचा, जिथे बघाल तिथे चिठ्ठ्या. भाड्याने खोली, हरवलेलं मांजर, गिटारचे क्लास. खाली फोन नंबरच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या. 81व्या स्ट्रीटवर पब्लिक लायब्ररी आहे, तिथेही डोकावलो. (जाता जाता : 35व्या अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरची पाटी जरूर बघा. स्क्रॅबल हा खेळ 1930च्या दशकात याच वस्तीत राहणाऱ्या आल्फ्रेड बट्स नावाच्या आर्किटेक्टने तयार केला. म्हणून त्या पाटीवर प्रत्येक अक्षराखाली त्याचे पॉइंट लिहिलेत.)

आमची चिठ्ठी एका कोलंबियन बेकरीत सापडली. हाताने लिहिलेली, 'क्लासेस दे एस्पान्योल'. मी गल्ल्यावर चौकशी केली. पुण्यात कधीकाळी केलेल्या एका लेव्हलच्या जोरावर केलेली ती चौकशी काय वर्णावी! गल्ल्यावरच्या पोरीने हसू दाबत कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं. ज्यांची चिठ्ठी त्या बाई तिथेच बसून तिंतो पीत होत्या. स्पेनमध्ये तिंतो मागाल तर रेड वाइन येईल. कोलंबियात मात्र काळी कॉफी. हा पहिला धडा, फुकट.

बाई कालीच्या. काली म्हणजे देवी नव्हे, कोलंबियातलं शहर. तिथल्या शाळेत सतरा वर्षं साहित्य शिकवलेलं. तिकडची शिक्षकाची डिग्री न्यूयॉर्कच्या शाळांत जशीच्या तशी चालत नाही, म्हणून इथे सकाळी लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायच्या आणि संध्याकाळी इंग्लिशच्या क्लासला जायचं. नाव सांगून झालं, पण पाच मिनिटांत आम्ही त्यांना बेकरीतल्या सगळ्यांसारखं 'प्रोफे'च म्हणायला लागलो. प्रोफे म्हणजे आपलं 'सर' किंवा 'बाई', पण जास्त मायेचं.

एपी म्हणजे काय हे प्रोफेंना माहीत नव्हतं. त्यांनी भाचीकडे बघितलं, समोरचा गोल पाव तिच्याकडे सरकवला आणि विचारलं, हे कशाचं आहे सांग. पांदेबोनो. चीज घालून केलेला, बाहेरून खुसखुशीत, आत चिवट. भाची म्हणाली, मैद्याचा. नाही. "युका," प्रोफे म्हणाल्या. त्याच्या पिठीचा. भाचीने मोबाइलवर शोधलं. युका म्हणजे कसावा, कसावा म्हणजे टॅपिओका आणि टॅपिओका म्हणजे...

"वेट! हा साबुदाणा आहे?"

होय बॉस, तोच कंद. दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर जगभर फिरला. आपण त्याचे मोती करून उपासाला खातो आणि कालीची माणसं त्याचे पाव करतात. तो इस्टरच्या आधीचा आठवडा होता. प्रोफेंनी सांगितलं, शुक्रवारी आमच्याकडे मटण नाही. भाचीला सांगायचं होतं की सांगलीची आजी एकादशीला खिचडी करते, पण उपासाला शब्द सापडेना. ट्रेन आली. दोघी थांबल्या. ट्रेन गेल्यावर प्रोफेंनी शब्द दिला, 'आयुनो'. आणि सकाळचा नाश्ता 'देसायुनो', म्हणजे उपास सोडणं! भाचीचा चेहरा बघण्यासारखा झाला. नंतर ती सलग बोलली. चुकत, अडखळत, क्रियापदांची वाट लावत, पण बोलली.

प्रोफेंनी तासाला 30 डॉलर सांगितले. शनिवारी ताई भेटायला आली आणि तिने भाजीवालीशी करावी तशी सुरुवात केली. एपीचा अनुभव नाही ना, मग 20 घ्या, आठवड्यातून दोनदा देऊ. मी जमिनीकडे बघत होते. भाची एकदम मराठीत म्हणाली, "आई, त्या 95वाल्याशी तू घासाघीस नाही केलीस."

भाचीला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्लिशमध्ये देते. मी आले तेव्हापासून तिचं हे पहिलं अख्खं मराठी वाक्य. ताई गप्प झाली. मग पर्समधून डायरी काढून म्हणाली, 40, सोमवार आणि गुरुवार.

आता परीक्षेच्या पॅटर्नचं काय? ते ओझं मी उचललं. कॉलेज बोर्डाच्या साइटवर जुने प्रश्न, मुलांच्या उत्तरांचं रेकॉर्डिंग आणि मार्क कसे दिले हे सगळं फुकट मिळतं. हे माहीत नसतं म्हणून लोक पॅकेज घेतात, असं माझं स्पष्ट मत. तासाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी ऐकायचो आणि काय हवंय ते कागदावर लिहून प्रोफेंना द्यायचो. बाकी त्यांचं.

त्यांचा क्लास टेबलावर नसायचाच. जॅक्सन हाइट्सचा 34वा अॅव्हेन्यू 2020 साली कोव्हिडच्या काळात गाड्यांना बंद करून लोकांना मोकळा केला, 69व्या स्ट्रीटपासून जंक्शन बुलेव्हार्डपर्यंत 26 ब्लॉक. मी गेले तेव्हा तिथे सायकल शिकणारी पोरं, काठी टेकत फिरणारे आजोबा, बाकावर गप्पा मारणाऱ्या बायका, फुल जत्रा. तिथे चालत शिकवणी. जाताना सगळं 'उस्तेद'मध्ये, म्हणजे अहो-जाहो. येताना 'तू'मध्ये. स्पॅनिशमध्येही तू म्हणजे तूच! परीक्षेतलं ई-मेल अहो-जाहोत लिहावं लागतं आणि भाची तिथे नेहमी गडबडायची. त्यावर ताईचा एकच उपाय होता : "सांगलीच्या आजोबांना लिहितेयस असं समज."

वीस सेकंदांवर प्रोफेंचा इलाज आणखी साधा. वाक्य तयार नसेल तर 'पुएस' म्हण, 'आ वेर' म्हण. आपलं 'म्हणजे' आणि 'बघू हं'. बोलणारा माणूस विचार करताना गप्प बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुलाखाली राहून त्यांना हे कळलं असावं.

तुलनेचा प्रश्न मात्र अडला. "माझी कम्युनिटी कुठली?" भाचीने विचारलं. "रेगो पार्क? सांगली?" प्रोफेंनी विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? आई मराठीत, मी इंग्लिशमध्ये. प्रोफे थांबल्या आणि हसायला लागल्या. त्यांचा दहा वर्षांचा मुलगाही असाच, त्या स्पॅनिशमध्ये विचारणार आणि तो इंग्लिशमध्ये उत्तर देणार. त्या दिवशी दोघी पुढचे पंधरा ब्लॉक फक्त याच विषयावर बोलल्या. मी मागून चालत होते, निम्मं कळत नव्हतं.

8 एप्रिलच्या सोमवारी सूर्यग्रहण होतं. दुपारी साडेतीनच्या सुमारास न्यूयॉर्कात सूर्य जवळजवळ नव्वद टक्के झाकला. 34वा अॅव्हेन्यू मान वर करून उभा! आमच्याकडे तिघींत चष्मा नव्हता. प्रोफे मुद्दाम गप्प राहिल्या. भाचीने शेजारच्या आजींकडे बघितलं, "पुएस..." म्हणाली आणि मग चष्मा मागितला, बरोब्बर अहो-जाहोमध्ये. आजींनी चष्मा दिला, वर चार प्रश्न विचारले, कुठली, कितवीत, आईला किती मुलं. चारही उत्तरं वीस सेकंदांच्या आत. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. ताईने गुढीला गाठी बांधल्या आणि प्रोफेंसाठी डबा भरला, त्यात साबुदाणावडे.

मी एप्रिलअखेर परत आले. जुलैमध्ये निकाल लागला : 4. ताईचा पहिला मेसेज, "एक कुठे गेला?" दुसरा अर्ध्या तासाने, फोटोसकट. 82व्या स्ट्रीटची बेकरी, टेबलावर तीन तिंतो. गुरुवारचा तास चालूच राहणार होता. पहिला अर्धा तास भाचीचं स्पॅनिश, दुसरा अर्धा तास प्रोफेंचं इंग्लिश. पैशांचं काय ठरलं, ते ताईने कळवलं नाही.