गरम न होणारा ड्रायर आणि १५२ अंशांचा फ्यूज

महाराष्ट्रातून पाऊस माघारी फिरतो त्या सुमारास चेन्नईचा पावसाळा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी वारे या शहराला वर्षातील निम्म्याहून अधिक पाऊस देतात. त्या दिवसांत मैलापुरातल्या गच्चीवर कपडे वाळत नाहीत. म्हणून आमच्या घरी विजेवर चालणारा ड्रायर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात शहर बुडाले, वीज गेली, आणि ती परत आल्यावर ड्रायरने दगा दिला. पिंप फिरत होते, दिवा लागत होता, पण तासाभराने चादरी जवळजवळ तेवढ्याच ओल्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या चादरी दिवसातून दोनदा बदलाव्या लागत, आणि दमट अंथरुणावर पडून राहिलेल्या रुग्णाच्या पाठीची कातडी लवकर सोलवटते. नवा ड्रायर मागवायला रस्ते मोकळे नव्हते.

पिंप फिरते, हवा खेळते, मग कपडे का वाळू नयेत? उत्तर हवेच्या तहानेत आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. ६० अंशांना तोच आकडा १३० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे चेन्नईची चिंब हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली येते आणि ती कपड्यांतले पाणी ओढू लागते. न तापवता तीच हवा पिंपातून कितीही फिरवली तरी जशी आत गेली तशी बाहेर येते. शिवाय एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. आमच्या ड्रायरचा हीटर २००० वॅटचा. त्याची सगळी उष्णता कारणी लागली तरी त्याला एका किलोसाठी २० मिनिटे हवीत.

हीटर खरोखरच बंद आहे का, हे यंत्र न उघडता कळू शकते. आमच्या वीजमीटरचा लाल दिवा एका युनिटमागे ३२०० वेळा लुकलुकतो; तसे मीटरवरच छापलेले आहे. फ्रिजसकट घरातले सगळे बंद करून फक्त ड्रायर चालू ठेवला आणि घड्याळ लावून मोजले. मिनिटाला ११ वेळा. गणित सोपे आहे: साधारण २०० वॅट, म्हणजे एकटी मोटर. हीटर चालू असता तर हा आकडा शंभराच्या पुढे गेला असता.

इंटरनेटवरचे सल्ले येथे फारसे कामाचे नाहीत. त्यांतले बरेचसे अमेरिकी घरांसाठी लिहिलेले असतात. तिथे ड्रायरला १२० व्होल्टच्या दोन तारा येतात. मोटर एकीवर चालते आणि हीटर दोन्हींमध्ये मिळून २४० व्होल्टवर. एक तार गेली तर पिंप फिरते पण ऊब येत नाही, म्हणून ते आधी ब्रेकर पाहायला सांगतात. आपल्याकडे मोटर आणि हीटर दोघेही त्याच २३० व्होल्टवर. पुरवठा गेला तर पिंपही थांबेल. दोष यंत्राच्या आतच असणार होता.

प्लग काढला, मागचे झाकण उघडले आणि मल्टिमीटर लावला. २३०चा वर्ग भागिले २०००, म्हणजे हीटरचा रोध सुमारे २६ ओहम यायला हवा; तो २६.३ आला. हीटर धडधाकट होता. त्याच्या शेजारचा थर्मोस्टॅटही ठीक. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापली की वाकते आणि निवली की पूर्ववत होते. त्यापुढचा बोटाच्या पेराएवढा थर्मल फ्यूज मात्र पूर्ण तुटलेला. त्याच्या आत ठरावीक तापमानाला वितळणारी एक गोळी आणि तिने दाबून धरलेली स्प्रिंग असते. गोळी वितळली की स्प्रिंग सुटते आणि मंडल कायमचे तुटते. आमच्या फ्यूजवर १५२ अंश असे छापलेले होते.

शेजाऱ्यांनी पाठवलेल्या मेकॅनिकने तो पाहताच उपाय सांगितला : “डायरेक्ट करून देतो, सर. पाच मिनिटांचं काम.” म्हणजे फ्यूज काढून तारेला तार. सासूबाईंच्या खोलीत तेव्हा एकही कोरडी चादर उरलेली नव्हती, तरी मी नको म्हटले. वीज परत येताना व्होल्टेज उसळले आणि फ्यूज गेला, असे त्याचे म्हणणे होते. पण हा फ्यूज तापमानाने जातो. व्होल्टेज उसळले असते तर आधी इलेक्ट्रॉनिक कार्ड जळायला हवे होते. हीटरजवळ १५२ अंश झालेच कसे, हा खरा प्रश्न होता, आणि ‘डायरेक्ट’ केल्याने तो प्रश्न विचारणारा एकमेव भाग यंत्रातून नाहीसा झाला असता. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालानुसार २००८ ते २०१० या काळात तिथे घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २९०० आगी लागल्या; कारणांत पहिला क्रमांक साफसफाई न करण्याचा होता.

उत्तर भिंतीमागे सापडले. भाड्याच्या या घरात आधीपासून असलेली ॲल्युमिनियमची लवचीक नळी मधोमध झोळीसारखी लोंबत होती. बाहेर जाणारी गरम, ओलसर हवा त्या नळीत थंड होऊन पाणी झोळीत साचले होते, आणि कपड्यांचे तंतू त्यात भिजून कागदाच्या लगद्यासारखे घट्ट बसले होते. हवेची वाट जवळजवळ बंद. हवा हलेना, म्हणून हीटरभोवतीची उष्णता तिथेच कोंडली.

तिसऱ्या दिवशी रिची स्ट्रीटवरची दुकाने उघडली. तेवढ्याच अंशांचा आणि तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज मिळाला, किंमत चहा-नाश्त्याएवढी. तो डाग देऊन जोडायचा नसतो, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेनेच आतली गोळी वितळू शकते. टर्मिनल दाबून बसवावे लागते. नळी बदलून आखूड, सरळ आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरती केली. मग पुन्हा घरातले सगळे बंद करून मीटरसमोर उभा राहिलो : मिनिटाला ११६. पहिल्या दोन चादरी ५० मिनिटांत वाळल्या, आणि त्या कोमट असतानाच सासूबाईंच्या अंथरुणावर घातल्या.