शिवला मला

कबड्डी खेळणाऱ्याच्या तोंडी एक शब्द सारखा असतो. शिवला. चढाईवाला समोरच्याला शिवून मध्यरेषा गाठून आला की समोरचा बाद. हाच शब्द माझ्या आज्यानं जन्मभर ऐकला. तिथं मात्र शिवणाराच बाद व्हायचा, आणि पुन्हा आत यायची सोय नव्हती.

मी चढाईचा. तो वरच्या आळीच्या संघातला, डाव्या कोपऱ्यावरचा. घोटा धरावा तर त्यानंच. तीन वर्षं त्यानं मला धुळीत लोळवला. मला वाटायचं, हा जातीचा माज. मी सूतगिरणीत, रिंग खात्यात. रात्रपाळीला तुटलेला धागा सांधता सांधता मशीनच्या गोंगाटात दम धरून 'कबड्डी कबड्डी' म्हणायचो. कुणाला ऐकू जायचं नाही. ह्याला एकदा पाणी पाजायचं, एवढंच डोक्यात.

एकदा सकाळी पाळी सुटली. केसांत कापूस तसाच. मैदानावरनं चाललो होतो तर हा एकटाच तिथं. लिंबाच्या फांदीला वाळूचं पोतं टांगलेलं. ढकलायचा, झुलत आलं की झेप घेऊन मिठी मारायचा, आपटायचा, उठायचा. दोन्ही कोपरं सोललेली. मी आडोशाला उभा राहून मोजत होतो. साठानंतर मोजणं सोडलं. तो मला पाडत होता ते ह्या पोत्याच्या जोरावर, हे तेव्हा कळलं. राग गेला नाही. पण खेळावरचा राग निघून गेला, उरलेला कुठं ठेवायचा ते समजलं.

मग त्यांच्या आळीतल्या स्पर्धेचा अंतिम सामना. शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत. मी चढाईला गेलो. माझ्या पायाचा अंगठा त्याच्या गुडघ्याला निसटता लागला, मी परत फिरलो. पंचाला दिसलंच नाही. गुण नाही म्हणाला. तेवढ्यात त्यानं स्वतःच हात वर केला.

"शिवला मला."

त्याचा कर्णधार खेकसला, "गप की लेका!"

"शिवला म्हंतोय न्हवं!" म्हणाला आणि मैदानाबाहेर जाऊन बसला. सगळ्या आळीदेखत. आम्ही एका गुणानं जिंकलो.

नंतर पाणी आलं. त्यांच्या पोरांना तांब्या, आम्हाला कागदी कप. दरसालचंच. त्यानं माझ्या हातातला कप बघितला, तांब्या तोंडाला लावला आणि मान फिरवली.

मला बाळू पालवणकर आठवले. चर्मकार समाजातला हा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पुण्यात खेळताना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना दिलं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. टाळ्या मैदानात मिळतात, पाण्याचा हिशेब मैदानाबाहेर राहतो. आणि हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हरले. म्हणून त्यांची गोलंदाजी खोटी ठरत नाही, आणि गोलंदाजी मोठी म्हणून बाबासाहेबांनी मैदान सोडलं नाही. विरोधकाचा मान राखावा. हिशेब सोडू नये.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी लिंबाखाली गेलो. म्हणालो, "पोतं मी ढकलतो. काल मान का फिरवलीस, ते सांग."

तो बोलला नाही. मी पोतं ढकललं, त्यानं झेप घेतली.

अजून जातो. तो अजून गप्प आहे. मी विचारायचं सोडलेलं नाही.