बहात्तर फूट पन्हळ

गेल्या वैशाखात धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या घरी, पन्हळीवर पाला अडवणारी जाळी बसवायचा खर्च काढायला, फॅब्रिकेशनचं काम करणारा एक मुलगा आला. टेपचं एक टोक त्यानं माझ्या हातात दिलं आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या कडेकडेनं चालत गेला. “पुढे ४०, मागे ३२. बहात्तर रनिंग फूट झाली काका,” असं म्हणत त्यानं वहीत आकडा लिहिला. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. शेजारचा निंब केवढा आहे? शिडी टेकवायला खाली जागा आहे का? पन्हळ आतून गंजली आहे का? जाळी प्लास्टिकची हवी की स्टीलची? माझ्या प्रत्येक उत्तराबरोबर त्याच्या वहीतली रक्कम वर-खाली होत होती.

आई ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर तिनं विचारलं, “पन्हाय साफ ठेवाले बी आते पैसा लागतस का रे?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी साक्री तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराची पन्हळ आठवत बसलो. साठ वर्षांपूर्वीची, पांझरा नदीच्या काठची.

ते घर धाब्याचं होतं. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर चिरलेल्या लाकडाच्या पट्ट्या, त्यावर पाला आणि मातीचे थर, आणि सगळ्यात वर खारी. नदीकाठची, ओढ्याकाठची ती पांढुरकी माती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की गाढवांच्या पाठीवरून गावात यायची. खाऱ्या मातीत सोडियम जास्त असतं. पाणी पडलं की तिचे बारीक कण सुटे होऊन पसरतात आणि मातीतली छिद्रं बुजवून टाकतात. तिच्यात गवतही सहजी रुजत नाही. आमच्या आप्पांना, म्हणजे आजोबांना, सोडियमचं नाव ठाऊक नव्हतं. ते चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे आणि चव पाहून गाढवं आत घ्यायची की परत पाठवायची ते ठरवायचे.

खारी पसरताना आप्पा स्वतः धाब्यावर उभे राहायचे. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, फावडं घेऊन तयार असला तरी आप्पांचा पहिला हुकूम ठरलेला असे: “पहिले ढाय दख, मंग पत्रा ठोक.” आधी ढाळ बघ, मग पत्रा. सगळं धाबं एका कोपऱ्याकडे किंचित उतरतं असायचं आणि त्या कोपऱ्यात भिंतीबाहेर हातभर आलेली पन्हळ असायची. मुळात ती लाकूड कोरून केलेली होती. ती कुजली तेव्हा तेलाचा रिकामा डबा उभा चिरून, कडा दुमडून, कथलाचा डाख लावून नवी केली. तिच्या तोंडाशी आप्पा तुराट्यांची लहानशी मोळी आडवी बसवायचे. वाऱ्यानं आलेला पालापाचोळा तिथं अडायचा आणि पाणी काड्यांमधून निघून जायचं. आज ज्या जाळीसाठी मी टेप धरून उभा होतो, तिची ही जुनी बहीण. तूर झोडपून झाली की शेताच्या बांधावरून तुराटी हवी तेवढी उचलून आणावी, आणि पावसाळा सरला की चुलीत घालावी.

पन्हळीखाली एक काळा धोंडा होता. पाणी त्याच्यावर पडायचं, म्हणजे अंगणाची माती उखडत नसे. पहिल्या दोन पावसांचं पाणी तसंच वाहू द्यायचं, धाबं धुऊन निघालं की मग धोंड्यावर हंडा ठेवायचा, ही मोठ्या मायची, म्हणजे आजीची, शिस्त. रात्री पाऊस आला की घरातली माणसं अंथरुणातूनच कान देऊन असायची. धोंड्यावर धार भरभरून पडते आहे तोवर काळजी नाही. बाहेर पाऊस तोच आणि धोंड्यावरचा आवाज मात्र बारीक झाला, की आप्पा उठायचे. पोत्याची खोळ डोक्यावर, हातात कंदील, आणि भिंतीला लावलेल्या शिडीवरून वर. थोड्या वेळानं धार पुन्हा दणकन पडायची आणि घर झोपायचं.

पन्हळीचं जे, तेच पाटाचं. पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून निघणारे पाट आणि त्यांच्यावरची फड बागायत आमच्या भागात कित्येक पिढ्यांची. फडाचं पाणी वाटायला पाटकरी असे, राखणीला जागल्या असे, आणि पाटातला गाळ काढायचं काम लाभधारक शेतकऱ्यांनी वाटून घेतलेलं असे. तरुण विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. त्यांच्या सुरुवातीच्या कामांत धुळ्याकडचं पांझरेच्या पाटाचं पाणी नळांमधून पलीकडे नेण्याचं काम होतं. साक्री तालुक्यातल्या दातर्तीला त्यांची आठवण अजून सांगतात. मोठा अभियंता असो की आमचे आप्पा, या कोरड्या मुलखात दोघांपुढचं काम एकाच जातीचं होतं: पाण्याची वाट काढायची आणि ती तुंबू द्यायची नाही.

मग या सगळ्याला खर्च किती यायचा? घरात त्याचा हिशोब कधी मांडलेला मी पाहिला नाही. खारीवाल्याला धान्य जायचं. डाख लावणाऱ्याला चार पैसे आणि जेवण. धाब्यावर चढणं, माती ओढणं, पन्हळ बसवणं हे सगळं सालदाराच्या वर्षाच्या बोलीत आलेलं असे. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला ठरतं, आणि धाब्याचं काम हे त्या सालातलं पहिलं अवघड काम. एका वर्षी आमचा सालदार ओल्या शिडीवरून घसरला आणि दोन महिने घरी बसला. आप्पांनी त्याला धान्य पोचवलं. पण त्याच्या त्या चढण्या-उतरण्याला, जिवाच्या जोखमीला वेगळं मोल कुणी लावलं नव्हतं. मोठी माय आणि आई मिळून मातीच्या पाट्या वर द्यायच्या, त्याचंही नाही. जुने दिवस आठवताना मन भरून येतं हे खरं. पण तेव्हा पन्हळ स्वस्त होती असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. तिची किंमत माणसांच्या अंगावर होती.

पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकात धाबी उतरली आणि स्लॅब आले. माझी धाकटी बहीण जळगावला दिली. तिच्या नव्या बंगल्याच्या भिंतीवरून उतरणारा करडा पाइप पाहून आप्पा चकित झाले होते. जळगावला भवरलाल जैन यांच्या उद्योगानं १९८० साली पीव्हीसी पाइप काढायला सुरुवात केली आणि पाहता पाहता शेतातल्या पाइपाबरोबर घराचा पाइपही जळगावचा झाला. गंज नाही, डाख नाही, कुजणं नाही. आप्पांनी त्या पाइपावर बोटानं टिचकी मारून पाहिली आणि विचारलं, “याना आवाज येस का पानीना?” येत नव्हता. पाणी आतल्या आत उतरून जमिनीत जात होतं. त्या दिवसापासून पावसाकडे आमचे कान राहिले नाहीत, असं मला आता वाटतं.

स्लॅब उन्हात तापू लागला, कुठं कुठं गळू लागला. खान्देशचा मे महिना, पारा ४५ अंशांच्या वर. मग धुळ्या-जळगावच्या गच्च्यांवर रंगीत पत्रे चढले. पत्रा आला म्हणजे कडेला पन्हळ आली, आणि पन्हळ आली म्हणजे पालाही आला. आमच्या शेजारच्या निंबाची पानं माघ-फाल्गुनात गळतात, मग मोहोर झडतो आणि ऐन पाऊस सुरू होतो त्या सुमाराला निंबोळ्या. वैशाखातल्या वावटळीची धूळ त्यात मिसळली की पन्हळीत गाळाचा थर बसतो. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच मोठ्या पावसात आमची पन्हळ तुंबली. पाणी मागे फिरून पत्र्याखालून गच्चीवर आलं आणि जिन्यातून खाली उतरलं. आईच्या खोलीची भिंत महिनाभर ओली होती. माझा मुलगा पुण्याला असतो. माझे गुडघे मला शिडीवर चढू देत नाहीत. म्हणून जाळी.

त्या मुलानं दिलेला कागद मी पुन्हा पुन्हा वाचला, तेव्हा एकेक ओळ मला जुन्या घराच्या ओळखीची वाटू लागली. पहिली ओळ लांबीची. धाब्याला एका कोपऱ्यात हातभर पन्हळ पुरायची, पत्र्याला सबंध कड लागते, म्हणून बहात्तर फूट. त्यात जेवढे कोपरे आणि जोड, तेवढी कापाकापी जास्त. दुसरी ओळ उंचीची. एकमजली घराला शिडी चालते. दोन मजल्यांवर, खाली बोळ अरुंद असला तर परांची बांधावी लागते आणि तिथं मजुरी जाळीच्या किमतीला मागे टाकते. हीच ती सालदाराची शिडी, आता तिला दाम आहे. हे मला योग्य वाटतं, म्हणून त्या ओळीवर मी घासाघीस केली नाही. फक्त कमरेला पट्टा आणि दोर बांधूनच वर चढायचं, एवढी अट घातली.

तिसरी ओळ झाडाची. पिंपळाचं रुंद पान मोठ्या भोकाच्या जाळीवरही अडतं आणि वाळलं की वाऱ्यानं उडून जातं. निंबाची निमुळती पानं आणि गुलमोहराची बारीक पानोळी कोंबडीजाळीतून सरळ आत शिरतात. जितका पाला बारीक तितकी जाळी दाट, आणि जितकी दाट तितकी महाग. फार दाट घेतली तर धुळीनं तिचीच भोकं बुजतात आणि जोराचं पाणी तिच्यावरून उडी मारून अंगणात पडतं. आप्पा तुराट्यांची मोळी घट्ट बांधत नसत, त्याचं कारण मला साठ वर्षांनी कळलं.

चौथी ओळ मालाची. प्लास्टिकची जाळी सगळ्यात स्वस्त, पण आमच्या उन्हात ती वाकते आणि काही उन्हाळ्यांत कडकड मोडू लागते. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी बरी, मात्र कापलेल्या कडेनं गंज धरते. स्टेनलेस स्टील महाग, पण एकदा बसवली की निदान माझ्या हयातीत पुन्हा बदलायला नको. पाचवी ओळ जुन्या पन्हळीची. पन्हळ स्वच्छ करणं, सुटलेले हूक आवळणं, जोड बुजवणं, आणि ढाळ. दहा फुटांमागे दोन सूत तरी उतार हवा. आमची पन्हळ मधेच पोट काढून बसली होती. तिच्यावर नुसती जाळी ठोकली असती तर झाकलेल्या ताटासारखी ती आतल्या आत सडली असती. “आधी ढाळ काढू काका, मग जाळी,” तो मुलगा म्हणाला, आणि मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. आप्पांचं वाक्य त्याला कुणी सांगितलं होतं?

सहावी गोष्ट कागदावर नव्हती, पण खर्चात होती: वेळ. मृग लागला, पहिली गळती झाली, की सगळं गाव एकदम कारागीर शोधायला निघतं. आखाजीनंतरचे निवांत दिवस जुन्या माणसांनी उगाच निवडले नव्हते.

कागदाच्या पाठीमागे मी आणखी एक हिशोब केला. १००० चौरस फुटांचा पत्रा म्हणजे ९३ चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वादोन हजार लिटरहून जास्त पाणी, म्हणजे २०० लिटरचे अकरा ड्रम. आमच्या मुलखात वर्षाला पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर. जळगावला वाघूरचं, धुळ्याला नकाणे तलावाचं आणि तापीचं पाणी, आणि तेही उन्हाळ्यात कित्येक दिवसांआड. पन्हळ तुंबते तेव्हा भिंत ओली होते, आणि हे पाणीही हातचं जातं. मोठ्या मायचा धोंड्यावरचा हंडा आठवला आणि खर्चात मी एक ओळ स्वतः वाढवली: पाइपाला एक फाटा काढून अंगणात पाण्याची टाकी. पहिले दोन पाऊस बाहेर सोडायला फाट्यावर झडप बसवली.

जाळी वैशाखातच बसली. पाइपाच्या तोंडावरचा तुकडा बिजागरीचा करून घेतला, कारण जाळी लावली म्हणून लक्ष ठेवणं संपत नाही. मृगाच्या आधी एकदा आणि निंबोळ्या गळून गेल्यावर एकदा, वर्षातून दोनदा तो उघडून बघायचा असं त्या मुलाशी ठरलं. त्याची मजुरीही ठरली.

आईनं काम पाहिलं, मान हलवली आणि एकच मागणी केली. बाहेर सोडलेल्या पाण्याच्या पाइपाखाली तिला धोंडा हवा होता. गावच्या पडक्या घराच्या अंगणात तो अजून होता, अर्धा मातीत रुतलेला. पुतण्यानं मोटरसायकलवर पुढे ठेवून आणला. त्याला एक पैसा पडला नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री पाऊस आला. वीज गेली होती. मी उठून खिडकीशी उभा राहिलो. निंब जोरानं हलत होता, निंबोळ्या पत्र्यावर टपटपत होत्या. मग अंगणात धार पडू लागली, धोंड्यावर, भरभरून. शेजारच्या खोलीत आई जागी होती. बराच वेळ ती ऐकत राहिली. मग तिनं कूस बदलली आणि झोपली.